एकशे त्रेचाळिसावं पत्र

वेलिंग गावच्या मेथडिस्ट पंथाच्या चर्चचं सभासद-रजिस्टर एकतीस वर्षं लव्हॉन राडमाकरकडे होतं. त्या एकतीस वर्षांत तिने कुणाचं नाव चुकून खोडलं नव्हतं, की मेलेल्याला चुकून जिवंत ठेवलं नव्हतं. पाद्री आले नि गेले, सात झाले; एक तर वर्षभरात पळाला, आयोवाचा हिवाळा त्याला सोसवेना. रजिस्टर मात्र कायम लव्हॉनच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात, पिठाच्या डब्याशेजारी. कुणाचा बाप्तिस्मा कधी झाला, कोण लग्न होऊन नेब्रास्काला गेलं, कोण रुसून पलीकडच्या लुथरन चर्चमध्ये बसायला लागलं, सगळं तिच्या तिरप्या अक्षरात. गावातले लोक म्हणायचे, स्वर्गाच्या दारात कधी घोळ झालाच तर देव लव्हॉनला फोन करून खात्री करून घेईल. त्यावर ती म्हणायची, "करू दे की. फक्त रात्री नऊच्या आत कर म्हणावं."

अशा बाईने एक पत्र पोस्टात टाकलं नाही. विसरली नाही, हरवलं नाही; जाणूनबुजून टाकलं नाही. ते पत्र तिच्या पोटच्या पोराच्या नावचं होतं. दीड वर्ष ती ते मनात घेऊन हिंडत होती, आणि आता ऑक्टोबरात त्या पोराचं लग्न होतं. लग्नाआधी त्याला हे सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न तिच्यापुढे होता. बाहेरून बघणाऱ्याला क्षुल्लक वाटेल. तिची मात्र भूक मेली होती.

भांडण जुनं होतं. पुरुषाचं पुरुषाशी, बाईचं बाईशी लग्न चर्चमध्ये लावायचं की नाही, यावरून देशभरची मेथडिस्ट मंडळी पन्नास वर्षं एकमेकांची डोकी खात होती. नियमात 'नाही' लिहिलेलं होतं. काही जण तो नियम पाळत नव्हते, काही जण पाळा पाळा म्हणून ओरडत होते. शेवटी सगळेच थकले आणि मोठ्या सभेने वाट काढली: ज्या चर्चला आमच्यात राहायचं नसेल त्याने निघावं, आपली इमारत बरोबर न्यावी. मात्र आधी सभासदांची बैठक बोलवा, आणि हजर असलेल्यांपैकी दोन-तृतीयांश 'निघू' म्हणाले पाहिजेत. घरबसल्या मत नाही, दुसऱ्याच्या हाती चिठ्ठी नाही. यायचं, बाकावर बसायचं आणि लिहायचं.

वेलिंगमध्ये त्या हिवाळ्यात दुसरा विषय नव्हता. रविवारची प्रार्थना झाली की तळघरात कॉफी, आणि कॉफीबरोबर हे.

'निघू'वाल्यांची पुढारी बेव्ह लिंडग्रेन. लव्हॉनची पहिलीपासूनची मैत्रीण. लव्हॉनचा नवरा ऑर्व्हिल कर्करोगाने पडून होता तेव्हा याच बेव्हने चाळीस दिवस रोज संध्याकाळी गरम जेवण आणून दिलं होतं, एक दिवस न चुकता. तेव्हा बेव्ह दुष्ट होती असं कुणी सांगायला लागलं तर लव्हॉन त्याला दारातून परत पाठवेल.

"माझा कुणावर राग नाही," बेव्ह म्हणायची. "ज्याने त्याने आपापल्या घरात काय करायचं ते करावं. पण लग्न देवासमोर लावतो आपण. उद्या वरून हुकूम आला, लावा यांचंही, तर आपल्या पास्टर ग्लेनने काय करायचं? मनाविरुद्ध उभं राहायचं, की नोकरी सोडून शेतावर ट्रॅक्टर चालवायचा?"

"बेव्ह, तुला आजवर कुणी तुझ्या मनाविरुद्ध काही करायला लावलंय का?" हार्लन विचारायचा. चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा, आयुष्यभर गाई दोहलेला. "तुझ्या नवऱ्याला विचारू या हवं तर."

सगळे हसायचे. बेव्हही हसायची, पण लगेच गंभीर व्हायची. "हसण्यावारी नेऊ नकोस हार्लन. मला झोप लागत नाही याच्यापायी. माझ्या आजोबांनी या चर्चच्या विटा वाहिल्यात. इथे काय व्हावं ते आम्ही नाही ठरवायचं तर कुणी, वॉशिंग्टनने?"

"एकसष्ट साली माझ्या बहिणीचं दुसरं लग्न याच चर्चने नाकारलं होतं. घटस्फोटित म्हणून," हार्लन म्हणायचा. "तेव्हाही लोकांना झोप लागत नव्हती. आज या तळघरात बसलेल्यांत निम्म्यांची दुसरी लग्नं आहेत. छत काही कोसळलं नाही."

"गळतंय मात्र!" बेव्ह म्हणायची, आणि पुन्हा हशा.

या सगळ्या बोलण्यात गॅरेटचं नाव कुणी घेत नसे. गॅरेट म्हणजे लव्हॉनचा एकुलता एक. तो डे मॉइन शहरात राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो आणि बारा वर्षं नोएल नावाच्या पुरुष नर्सबरोबर संसार करतो, हे वेलिंगच्या मांजरांनासुद्धा माहीत होतं. पण लव्हॉन कॉफीची किटली घेऊन टेबलाशी आली की लोक पटकन पावसाकडे, मक्याच्या भावाकडे वळत. ही त्यांची सभ्यता होती. लव्हॉनही ती सभ्यता मुकाट्याने घेत असे आणि कप भरत पुढे जात असे. ऑर्व्हिलच्या अंत्यविधीला नोएल आला होता. कुणीतरी विचारलं, "हा कोण गं?" तेव्हा लव्हॉनच्या तोंडून निघालं होतं, "गॅरेटचा रूममेट." नोएल दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने ऐकलं आणि शांतपणे सॅलडचा वाडगा उचलून आत नेला.

बैठक एप्रिलमध्ये ठरली. रजिस्टरात नाव असलेल्या प्रत्येकाला पत्र गेलं पाहिजे, मग तो गावात असो की अलास्कात, असा नियम. एकशे त्रेचाळीस नावं होती. गुरुवारी बायका तळघरात जमल्या. पत्रांच्या घड्या घालायची बेव्ह, पाकिटात घालायची दुसरी, आणि पत्त्याच्या चिकटपट्ट्या लावायची लव्हॉन. 'र' आला. राडमाकर, गॅरेट ओ. तेरा वर्षांचा असताना वेदीपुढे गुडघे टेकून तो सभासद झाला होता. नाव लव्हॉनने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, त्याच्या बापाच्या नावाखाली. गॅरेट शहरात गेला, ख्रिसमसपुरता येऊ लागला, पण नाव तिथेच होतं.

लव्हॉनने ती पट्टी सोलली, बोटांत चुरगाळली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

"एक पत्र उरलं गं," शेवटी बेव्ह म्हणाली.

"जास्तीचं छापलं गेलं असेल."

बेव्हने ते पालथं केलं आणि त्याच्या पाठीवर बैठकीच्या दिवशी कुणी कुठल्या फळाचा पाय भाजून आणायचा त्याची यादी लिहिली.

कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हे. घरी जाताना लव्हॉनने स्वतःला तीन कारणं सांगितली. एक, पोराच्या जिवाला उगाच ताप. ज्यांच्या अंगाखांद्यावर खेळला त्या माणसांच्या तोंडून आपल्याविषयी ऐकत बसायचं, हे कुठल्या आईला बघवेल? दोन, त्याला शाळेतून सुट्टी मिळाली नसती. तीन, एका मताने काय होतंय! कारणं एकाला तीन निघाली की खुशाल समजावं, खरं चौथंच आहे.

बैठकीच्या दिवशी तीच दाराशी टेबल मांडून बसली. नाव बघायचं, खूण करायची, चिठ्ठी द्यायची. शहाण्णव माणसं आली. जिल्ह्यातल्या चर्चांवर देखरेख करणाऱ्या सुपरिंटेंडेंट बाईंनी प्रार्थना म्हटली. लोक एकेक करून उठून बोलले. कुणी आवाज चढवला नाही. बेव्ह बोलता बोलता रडली. हार्लन म्हणाला, "मी या चर्चमध्ये जन्मलो आणि यातूनच जाणार होतो. आता तुम्ही माझ्या आधीच निघालात," आणि खाली बसला. लव्हॉन बोलली नाही. तिने चिठ्ठीवर 'राहू' लिहिलं, नीट घडी घातली आणि पेटीत टाकली. त्या घटकेला तिला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला, हे सांगितलं पाहिजे.

बाईंनी आकडा वाचला. निघू, चौसष्ट. राहू, बत्तीस.

मंडळी एकमेकांकडे बघत राहिली. पुष्कळांना हिशेब कळेना. लव्हॉनला कळला. शहाण्णवात चौसष्ट म्हणजे बरोबर दोन-तृतीयांश, केसाइतकंही कमी नाही. सत्त्याण्णवावं माणूस तिच्या शेजारी बसलं असतं आणि त्याने 'राहू' लिहिलं असतं तर चौसष्ट पुरले नसते. एक. एकच. ती बाकाला धरून बसून राहिली. लोकांना वाटलं, बिचारीला पोराचं वाईट वाटलं. बेव्ह येऊन तिच्या गळ्यात पडली. "तुझ्यावर नाही गं हे, तुमच्यावर नाही," असं पुन्हा पुन्हा म्हणाली, आणि ती ते खरंच म्हणत होती. मग सगळ्यांनी खाली जाऊन हॅमची सँडविचेस आणि फळांचे पाय खाल्ले. हार्लनने कॉफी संपवली, आपला कप विसळून पालथा घातला आणि मागल्या दाराने गेला. पुढच्या रविवारपासून तो आला नाही.

गॅरेटचा दर रविवारी फोन येत असे. आधी तासभर चाले. शाळेतली पोरं, नोएलने जाळलेली खीर, शेजारणीचा कुत्रा. त्या एप्रिलनंतर फोन येत राहिला, पण दहा मिनिटांचा. तब्येत, हवा, गाडीचं तेल बदललंस का. बैठकीबद्दल त्याने एकदाही विचारलं नाही. लव्हॉनने मनाशी ठरवलं, चर्चने असं केलं म्हणून तो दुखावलाय. चर्चवर ढकलायला बरं होतं. चर्च काही उलटून बोलत नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मोठ्या सभेने तो जुना नियमच काढून टाकला. ज्या पाद्र्याला असं लग्न लावायचं त्याने लावावं, ज्याला नाही त्याने लावू नये, सक्ती कुणावरच नाही. बेव्हने पेपरात वाचलं. "म्हणजे ग्लेनवर सक्ती झालीच नसती?" ती लव्हॉनला म्हणाली. तिने पेपराची घडी घातली. "तरी पण, आपण बरोबरच केलं असं मला वाटतं. वाटतं तरी." लव्हॉन 'हं' म्हणाली. राहिलो असतो तर गॅरेटचं लग्न या चर्चमध्ये लागू शकलं असतं, अंगणात बाप झोपलाय तिथे. पास्टर ग्लेनने नसतं लावलं, तर जिल्ह्यातून कुणीतरी आलं असतं. हे ती बेव्हला बोलली नाही.

सप्टेंबरात पोस्टाने कार्ड आलं. सोनेरी कडेचं, छापील. पाकिटावर 'श्रीमती लव्हॉन राडमाकर', आत 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे'. डे मॉइनच्या एका बागेतल्या मांडवात, ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. येणार की नाही ते खूण करून पाठवायला एक छोटं कार्डही होतं, वर तिकीट लावलेलं. ते चिकटवलेलं तिकीट तिच्या जिव्हारी लागलं. पोटच्या पोराने आईला तिकीट लावून द्यावं! फोनवर सांगितलं नाही, रुसला नाही, भांडला नाही. दातओठ खाल्ले असते तरी बरं वाटलं असतं.

दोन दिवस ते कार्ड टेबलावर पडून होतं. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, तिने हॅमचे गोळे केले, वर गोड टोमॅटोचा रस ओतून भांडं भाजलं, टॉवेलात गुंडाळलं आणि गाडी काढली. दोन तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंनी मका वाळून उभा होता आणि कापणीची यंत्रं धूळ उडवत फिरत होती. वाटेत तिने सतरा वेळा पहिलं वाक्य जुळवलं आणि अठराव्यांदा मोडलं.

दार नोएलने उघडलं. त्याने तिच्याकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं आणि आत वळून ओरडला, "गॅरेट! तुझी आई आलीय, आणि हातात झाकलेलं भांडं आहे. म्हणजे एक तर कुणी गेलंय, नाहीतर तिला काहीतरी सांगायचंय."

"कुणी गेलेलं नाही," लव्हॉन म्हणाली.

"मग मी कुत्र्याला फिरवून आणतो." त्याने भांडं हातात घेतलं, झाकण किंचित उचलून वास घेतला. "लांब फिरवतो. पण मला यातलं ठेवा हं तुम्ही. तुमचा मुलगा भुकेला झाला की शिक्षक राहत नाही, लांडगा होतो."

"नोएल," ती म्हणाली. "मी तुला रूममेट म्हटलं होतं. ऑर्व्हिलच्या वेळी."

नोएल थांबला. "म्हटलं होतंत," तो म्हणाला. रागाने नाही, पण 'जाऊ द्या' असंही म्हणाला नाही. त्याने भांडं ओट्यावर ठेवलं, कुत्र्याचा पट्टा घेतला आणि गेला.

गॅरेट आतून आला, चष्मा कपाळावर, हातात मुलांच्या वह्या. चाळिशीचा झाला होता आणि चालण्यात बाप उतरला होता. दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली.

"कार्ड मिळालं?" त्याने विचारलं.

"मिळालं. मला फोन नाही केलास?"

"नाही म्हणायला तुला सोपं जावं म्हणून कार्ड पाठवलं," तो म्हणाला. "फोनवर नाही म्हणायला जड जातं माणसाला."

जुळवलेलं वाक्य पार विसरलं. ती एकदम म्हणाली, "गॅरेट, बैठकीचं पत्र मी तुला टाकलं नाही. सगळ्यांना टाकलं, तुला नाही. आणि एका मताने गेलं रे ते. एका. तू आला असतास तर राहिलो असतो. दीड वर्ष मी हे सांगायचं टाळतेय."

तिला वाटलं होतं, तो चमकेल, ओरडेल. त्याने वह्या नीट एकावर एक लावल्या.

"टाकलं नाहीस हे मला माहीत आहे," तो म्हणाला. "हार्लनने फोन केला होता. बैठकीच्या आठ दिवस आधी. म्हणाला, 'रजिस्टरातल्या सगळ्यांना पत्र आलंय, तुलाही आलं असेल. येतोयस ना पोरा? एकेक मत मोलाचं आहे.' मी म्हटलं, येतो. मग रोज संध्याकाळी टपालाची पेटी उघडून बघायचो. नाही आलं."

"मग मला विचारायचं नाहीस?"

"काय विचारणार? रजिस्टर तुझ्या हातात. सगळ्यांना पत्र आलं आणि मला नाही, म्हणजे माझं नाव त्यात नाही. म्हणजे ते तू खोडलंस. यात विचारण्यासारखं काय आहे आई? दोन अधिक दोन."

"मी खोडलं?" लव्हॉनचा आवाज चिरकला. "अरे, मी तुझं नाव खोडेन? बाबांच्या नावाखाली आहे तुझं नाव, माझ्या हातचं. तसंच आहे. वेगळं झाल्यावर चर्चने नवीन रजिस्टर केलं तेव्हा जुनं मी घरी आणून ठेवलं, कुणाला हात लावू दिला नाही. खोडलं म्हणे!"

दीड वर्ष उराशी धरलेली गोष्ट अशी एकाएकी खोटी निघाली की माणसाला आनंद होत नाही, आधी तोल जातो. गॅरेटने कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी आलो होतो," तो म्हणाला.

"कुठे?"

"वेलिंगला. त्या दिवशी. नोएलने कोटाला इस्त्री करून दिली होती. म्हटलं, दाराशी जाऊन विचारू तरी. समोर धान्याच्या कोठीपाशी, त्या सायलोपाशी गाडी लावली. तर दारात तूच बसलेली, टेबल मांडून. येईल त्याचं नाव बोटाने शोधत होतीस आणि खूण करत होतीस. म्हटलं, आपण पुढे जाऊन उभं राहायचं, आई बोट फिरवणार, वर बघणार आणि सगळ्या गावासमोर 'नाही बाळा' म्हणणार. ते मला झेपलं नसतं. गाडीतच बसून राहिलो. तुम्ही लोक बाहेर आलात तोवर. तू पायची ताटली घेऊन जात होतीस. मग वळलो आणि आलो परत."

रस्त्याच्या पलीकडे. शंभर पावलांवर. लव्हॉनला तो दिवस आठवू लागला आणि ती त्यात सायलोपाशी उभी गाडी शोधू लागली. तिने तिकडे बघितलंच नव्हतं.

"आता सांग," गॅरेट म्हणाला. "नाव होतं, तर टाकलं का नाहीस?"

"तुला त्रास नको म्हणून. ते लोक काय काय बोलणार, तू ऐकत बसणार... आणि तुला सुट्टीही..."

"आई."

तो एवढंच म्हणाला. टेबलावरच्या वह्यांतल्या वरच्या वहीवर कुणा पोराने बेडकाचं चित्र काढलं होतं. ती त्याच्याकडे बघत बोलली.

"मला लाज वाटली. तू येऊन माझ्या शेजारी बसणार, आणि ते सगळे माझ्याकडे बघणार. चिठ्ठी लिहिताना माझ्या हाताकडे बघणार. कोणी काही बोललं नसतं, बेव्हसुद्धा नाही. पण बघितलं असतं. मला तिथे तुझी आई म्हणून बसायचं नव्हतं. एकटी बसून गुपचूप 'राहू' लिहायचं होतं. लिहिलंही. तुझ्यासाठी म्हणून टाकलं नाही असं मी देवालाही सांगितलं. तुझ्यासाठी नव्हतं ते. माझ्यासाठी होतं."

ओट्यावर भांडं होतं, त्याच्या झाकणाची काच आतून वाफेने ओली झाली होती. गॅरेटने डोळे चोळले.

"एका मताने," तो म्हणाला, आणि ओठांच्या कडेने हसल्यासारखं केलं. "हे हार्लनने मला सांगितलं नाही. त्याला वाटलं असेल, मीच आलो नाही."

"मी सांगेन त्याला. आजच सांगेन."

"सांग. त्याला सांगच." तो उठून खिडकीशी गेला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. "पण आई, मी काही जिंकायला येत नव्हतो गं. आपण हरणार असंच मी धरून चाललो होतो. नोएललाही तसंच सांगून निघालो होतो. मला फक्त तुझ्या शेजारी बसून हरायचं होतं."

लव्हॉनला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर तो वळला असता आणि त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला असता. आणि तेवढंसुद्धा आज आपल्याला मिळू नये, असं तिला मनापासून वाटलं.